घंगाळात बसून राहिलेला गणपती

आमचा गणपती विरघळला नाही. हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, प्लॅस्टरचा आणला असेल. मला तिथेच तिडीक जायची. प्लॅस्टरचा गणपती, आणि आमच्या घरात? बाबांनी तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. आमचा गणपती बाबांच्या हातचा असतो, मातीचा असतो, आणि दर वर्षी त्याच मातीचा असतो.

'त्याच मातीचा' म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही.

आई कोकणातली. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा बाबा रिफायनरीत नुकते लागले होते आणि दोघं शहराबाहेर बाजव्याला एका खोलीत राहत होती. पहिल्या गणपतीला बाजारातली रंगीबेरंगी मूर्ती बघून आईने नाक मुरडलं. तिच्या माहेरी घरामागच्या उतारावरची चिकणमाती खणून घरीच गणपती करत. पुढच्या उन्हाळ्यात माहेरी जाताना ती शेंगतेलाचा रिकामा डबा घेऊन गेली आणि येताना तो मातीने भरून आणला. बाबा स्टेशनवर घ्यायला गेले, डबा उचलायला वाकले, तर तो जागचा हलेना. "लोकांच्या बायका माहेरहून आंबे आणतात, कोकम आणतात, आमच्या बाईसाहेबांनी डबाभर चिखल आणला," हे बाबा पुढे जन्मभर सांगत राहिले. आईही दर वेळी "मग ठेवायचा होता तिथेच फलाटावर" असं म्हणून मोकळी व्हायची.

तर ती माती. आई मळायची, बाबा घडवायचे. दोघांनाही एकमेकांचं काम येत नव्हतं, आणि दोघंही एकमेकांच्या कामात नाक खुपसायची. आमचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला दुपारी मागच्या ओट्यावर पितळी घंगाळात विसर्जन. नदीवर जायचं नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत म्हणून नव्हे, तर आईला तिची माती परत हवी असायची म्हणून. मूर्ती विरघळली, गाळ खाली बसला, की वरचं पाणी कुंड्यांना घालायचं, गाळ जुन्या धोतरावर पसरून वाळवायचा आणि खडे कुटून पुन्हा डब्यात भरायचा. पुढच्या वर्षी तोच डबा उघडायचा. त्यात बाहेरची माती मिसळायची नाही आणि डब्यात काही शिल्लकही ठेवायची नाही. जेवढी माती तेवढा गणपती. रंग लावायचा नाही, फक्त गेरूचा हात, कारण गेरू ही पण मातीच. आणि सगळ्यात कडक कायदा हा, की मातीला हात लावलेल्याने हात नळाखाली धुवायचे नाहीत, घंगाळातच धुवायचे. लहानपणी मी एकदा मोरीत हात धुतले तर आईने पाठीत धपाटा घातला होता. "नखातली पण माझी आहे," म्हणाली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त झाले आहे. भौतिक बदल आणि रासायनिक बदल हा धडा मी किती वर्गांना शिकवला त्याला गणती नाही. कागद फाडला तर भौतिक, जाळला तर रासायनिक. बर्फ वितळला तर भौतिक, दुधाचं दही झालं तर रासायनिक. पोरं घोकून टाकतात आणि पेपरात बरोबर उलटं लिहितात. मी दर वर्षी आमच्या गणपतीचं उदाहरण द्यायचे. पाण्यात गेला, आकार गेला, पण माती तीच, वाळवा आणि पुन्हा करा. म्हणून भौतिक बदल. खरं तर माती विरघळत नाही, नुसती सुटी होऊन तळाला बसते. विरघळणं हे मिठाचं आणि साखरेचं काम. वर्गात कुणी 'माती विरघळते' लिहिलं तर मी अर्धा गुण कापायचे. घरी आम्ही सगळे 'विरघळला' असंच म्हणतो, घरी कोण गुण कापतंय.

आई गेली तेव्हा बाबा रडले नाहीत. म्हणजे डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. दिवसकार्य सगळं नीट केलं, आल्यागेल्याला चहा विचारला, पेन्शनीच्या कागदांवर सह्या केल्या. माझ्या मावशीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांना कळलंय ना गं?" मला तिचा राग आला, पण प्रश्न माझ्याही मनात होताच.

मग गणपती आले. बाबांनी डबा उघडला आणि पहिल्यांदाच माती स्वतः मळायला घेतली. मी स्वयंपाकघरात होते, मागच्या ओट्यावरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. भेंडी कशी कडू निघाली, शेजाऱ्यांनी कशी दाराला आडवी लागेल एवढी गाडी घेतली, तुझी लेक फार चिडकी झालीय. मला वाटलं फोनवर आहेत. डोकावले तर फोन सोफ्यावर, आणि बाबा परातीपुढे पाट घेऊन बसलेले, कोपरापर्यंत मातीत. मला बघून जरासेही ओशाळले नाहीत. "इतकी वर्षं मळलीय तिने ही," म्हणाले, "ती काय कुठे जाते?"

मी विज्ञानाची बाई. मला त्यात चूक काढता येईना. पदार्थ नाहीसा होत नाही, नुसती जागा नाहीतर रूप बदलतो, हे मीच तर फळ्यावर लिहीत होते. त्या दिवसापासून दर वर्षी माती मळायच्या वेळी मी आणि माझी लेक ओट्याकडे फिरकत नसू. नवरा मस्कतला नोकरीला, त्यामुळे बडोद्यातल्या अकोट्याच्या ह्या घरात आम्ही तिघंच: बाबा, मी आणि लेक. त्या तासाभरात घरात चौथं माणूस असायचं, असं म्हटलं तर लोक मला वेड्यात काढतील, पण तसंच होतं.

लेक मातीकामच करते. इथेच शिकली, आणि दोन मैत्रिणींबरोबर नदीपलीकडे एक शेड भाड्याने घेऊन तिथे कप, बश्या, वाडगे करते. शहरातल्या कॅफेंना तिचा माल जातो. नवीन काही भट्टीतून निघालं की आधी आजोबांना आणून दाखवते. आजोबा कप हातात गोल फिरवतात, टिचकी मारून आवाज ऐकतात आणि म्हणतात, "झकास आहे. पण फुटला की ह्याचं काय करायचं?" ती म्हणते, "फुटला की टाकून द्यायचा, आजोबा, दुसरा घ्यायचा." बाबांना हे कधी पटलं नाही. मातीला एवढं आगीत घालायचं आणि शेवटी उकिरड्यावर टाकायचं, हा कसला न्याय, असं ते मला मागाहून म्हणायचे.

गेल्या दोन-तीन वर्षांत बाबांना कंपवात झाला. चहाचा कप बशीत वाजतो, शर्टाचं बटण लागत नाही. यंदा त्यांनी आषाढातच गणपती करायला घेतला, कारण आता वेळ लागतो हे त्यांनाही ठाऊक होतं. मला बघवत नव्हतं. सोंड लावली की कलायची, पुन्हा काढायची, पुन्हा लावायची. शेवटी ती जराशी वाकडीच राहिली, आणि एका कानावर अंगठा रुतल्याचा खोल ठसा. बाबा मान तिरकी करून बघत बसले आणि म्हणाले, "ओळखू येतोय ना? मग बस झालं."

त्यात पाऊस असा लागला की घरात कपडे वाळेनात, तिथे मूर्ती कसली वाळते. बुडाशी पांढरी बुरशी दिसायला लागली. लेक म्हणाली, "आजोबा, मी शेडवर नेते, तिथे वाळवायचं कपाट आहे." बाबांनी आधी नाही म्हटलं, मग बुरशी बघून जिवावर येऊन हो म्हटलं. तिने लहान बाळाला न्यावं तशी दुपट्यात गुंडाळून रिक्षातून नेली. श्रावणभर मूर्ती तिकडेच होती. हरतालिकेला ती घेऊन आली तेव्हा गेरूचा हातही तिनेच दिला होता. खणखणीत वाळलेली होती, तडा कुठे नाही. बाबांनी मूर्तीच्या डोळ्यांत काजळ घातलं, ती त्यांचं मनगट धरून उभी राहिली. मला इतकं भरून आलं की मी आत जाऊन उगाच मोदकाची उकड पुन्हा मळत बसले.

दीड दिवस छान गेला. पंचमीला दुपारी आरती झाली, उत्तरपूजा झाली, बाबांनी अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली. आता ती त्यांना उचलवत नाही, म्हणून मी उचलली. नेहमीपेक्षा हलकी लागली. यंदा छान वाळली म्हणून असेल, असं वाटलं. ओट्यावर येताना माझी बांगडी तिला लागली आणि टण्ण असा आवाज झाला. तोही मी कानाआड केला. तिघांनी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हटलं आणि मी मूर्ती घंगाळात ठेवली.

बुडबुडे आले. भरपूर आले. बाबा खुर्ची ओढून घंगाळाशेजारी बसले, मी त्यांच्या हातात चहा दिला. हे दर वर्षीचं. आधी कान सुटतात, मग सोंड, मग पोट खाली बसतं, आणि बाबांचा चहा संपेपर्यंत मुकुटाचं नुसतं ढेकूळ उरतं. त्यावेळी ते कुणाशी बोलत नाहीत. यंदा बुडबुडे थांबले, गेरू सुटून पाणी लाल झालं, आणि गणपती तसाच. कान जागेवर, वाकडी सोंड जागेवर. बाबांचा चहा संपला. मी दुसरा आणून दिला, तोही संपला.

शेजारच्या गुजराती मासी प्रसादाला आल्या. घंगाळात डोकावून म्हणाल्या, "बाप्पाने जवुं नथी लागतुं." बाप्पाला जायचं दिसत नाही, असं म्हणून हसल्या. बाबाही कसनुसं हसले. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हसली नाही. मासी गेल्यावर मी तिला म्हटलं, जा, कोमट पाणी आण. ती हलली नाही.

बाबांनी बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. त्यांचा हात एरवी इतका थरथरतो, तो मूर्तीच्या पोटावर जाऊन थांबला. अंगठ्याने दाबलं. नखाने खरवडलं. मग बोट दुमडून टिचकी मारली, आणि पाण्यातूनसुद्धा तो आवाज आला. त्यांची सगळी नोकरी भट्ट्यांपुढे गेली. भाजलेली वीट हाताखाली कशी लागते हे त्यांना मी काय सांगणार.

"हा भाजलाय," ते म्हणाले.

मी लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आजोबा, मी भाजला," ती म्हणाली. "भट्टीत घातला. तुम्हाला विसर्जनानंतर सांगणार होते. म्हणजे पाण्यातून काढला असता आणि आपण शोकेसमध्ये ठेवला असता, कायमचा. मला वाटलं तुम्हाला आनंद होईल. तुमच्या हातचा शेवटचा..."

ती तिथेच थांबली, पण शब्द बाहेर पडला होता. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस, म्हटलं. कुणाला विचारलंस, म्हटलं. शेवटचा आहे हे तू कोण ठरवणार, म्हटलं. ती आधी रडत होती, मग तीही चिडली. आमच्या घरात कुणी नुसतं रडून थांबत नाही. "मम्मी, तूच शिकवतेस ना, काही नाहीसं होत नाही म्हणून? मग? सगळं त्यातच आहे. आजीची माती आहे, आजोबांचा हात आहे. उलट आता ते कधीच जाणार नाही. तुम्ही दर वर्षी त्यांचं काम पाण्यात बुडवत होता."

तिचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, आणि उरलेलं अर्धं मला बाबांसमोर बोलायचं नव्हतं. मातीत दोन पाणी असतात. एक आपण मळताना घालतो, ते उन्हात उडून जातं आणि पुन्हा घातलं की पुन्हा माती मऊ. दुसरं तिच्या अंगातलंच असतं, कणाकणात बांधलेलं. ते उन्हाला दाद देत नाही, भट्टीतच सुटतं, आणि एकदा सुटलं की माती ही माती राहत नाही, दुसराच पदार्थ होतो. नाहीसं काही झालं नाही, हे खरं. ते पाणी वाफ होऊन शेडच्या पत्र्यावरून बडोद्याच्या हवेत गेलं. ते आता कुठून धरून आणायचं?

तेवढ्यात बाबांनी मूर्ती पाण्यातून अर्धी वर काढली आणि खालून बघितली. आत पोकळ. मला कळेना, बाबांनी तर भरीव केली होती. लेक खाली बघत म्हणाली, "भरीव मूर्ती भट्टीत फुटते. म्हणून ओली असतानाच खालून कोरून घेतली."

मला एकदम हायसं वाटलं. मी तिचा दंड धरून विचारलं, "कोरलेली माती कुठे आहे?" म्हणजे तेवढी तर कच्ची असणार. तेवढ्याचा लहानसा गणपती होईल, सुपारीएवढा झाला तरी चालेल. बाबांनीही मान वर केली. त्यांचं ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

"बादलीत टाकली," लेक म्हणाली. "उरलेली सगळी माती आम्ही एका बादलीत टाकतो. सगळ्यांची. मग ती पुन्हा मळून वापरतो."

"मग बादली आण."

"मम्मी, ती संपली. त्याचे कप झाले."

"कुठले कप?"

"ऑर्डरचे. गेले ते."

मी मटकन ओट्याच्या पायरीवर बसले. आईने माहेरहून वाहून आणलेली, नखातलीसुद्धा वाया जाऊ न दिलेली माती शहरातल्या कुठल्या तरी कॅफेत आहे आणि कुणीतरी पोरं तिला ओठ लावून कॉफी पीत आहेत. हे मला एका दमात समजेचना. मी लेकीला ओरडलेही नाही. ओरडण्यासारखं ते राहिलंच नव्हतं. बाबांनी मूर्ती अलगद पुन्हा पाण्यात ठेवली, आणि हात पुसले नाहीत, घंगाळातच धुतले.

त्यानंतर गणपती घंगाळातच राहिला. बाबा कुणाला काढू देईनात. रोज सकाळी खुर्ची घेऊन बसायचे, पाण्यात हात घालून कानावर, पोटावर बोटं फिरवायचे. मी गरम पाणी दिलं, ते घातलं. त्यांनी विचारलं, लिंबाचा रस घातला तर? मी म्हटलं, बघू. खरं तर मला माहीत होतं. बाबांनाही माहीत असणार. रिफायनरीतल्या भट्टीची वीट पाण्यात ठेवून मऊ होत नाही हे सांगायला विज्ञानाची बाई लागत नाही. पण ते सरळ विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते. पाणी हिरवट व्हायचं, मी बदलायचे.

लेकीचं अन्न तुटलं होतं. शेडवर जाईना. तिने त्या कॅफेवाल्यांकडे फोन करून कप परत मागितले हे मला नंतर कळलं. कुठले कप कुठल्या बादलीतले हे तिलाच सांगता येईना, तर ते काय देणार. एका दुपारी ती बाबांपुढे जाऊन बसली. हातात वाटी होती, वाटीत लालसर भुकटी.

"आजोबा, एक करता येतं," ती म्हणाली. "भाजलेली माती कुटून तिची भुकटी करतात आणि ती नव्या मातीत मळतात. कुंभार करतात, आम्हीही करतो. ही माझ्या फुटलेल्या बशीची आहे. तसं केलं तर पुढच्या वर्षी ह्याचाच गणपती होईल. नवी माती घालावी लागेल, पण हीसुद्धा असेल त्यात."

मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला. कुटायचा? गणपती? खलबत्त्यात घालून? उत्तरपूजा झाली, प्राण गेला, आता ती नुसती मूर्ती, हे सगळं शास्त्र मला ठाऊक आहे. तरी माझ्या अंगावर काटा आला. बाबा मात्र दचकले नाहीत. त्यांनी वाटी मांडीवर घेतली, घंगाळातलं ओंजळभर पाणी तिच्यात घातलं आणि मळायला लागले. आई मळायची तसं, तळहाताच्या टाचेने. भुकटी ओली झाली, पण गोळा होईना. बाबांनी मूठ आवळली आणि उघडली. ओली वाळू सुटावी तशी ती बोटांमधून गळून पुन्हा वाटीत पडली. त्यांनी पुन्हा आवळली, पुन्हा गळली.

"ही धरत नाही," ते म्हणाले.

"नवी माती लागेल ना, आजोबा. धरणार ती. ही नुसती आत असेल."

"म्हणजे धरायचं काम दुसरीच करणार."

बाबांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांनी मला सरळ काही विचारलं नव्हतं.

"तू इतकी वर्षं पोरांना शिकवलंस," ते म्हणाले. "खरं सांग. ह्याची माती परत होते का?"

हा प्रश्न मी परीक्षेत घातलेला आहे. विटेपासून पुन्हा चिकणमाती मिळते का, सकारण लिहा. आणि ज्यांनी हो लिहिलं त्यांना भोपळा दिलेला आहे. त्या वेळी मला वाटलं, ह्या एका माणसासाठी खोटं बोलावं. होते बाबा, वेळ लागतो, पुढच्या वर्षीपर्यंत होईल. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघता आलं असतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला लहानपणापासून त्यांच्याशी खोटं बोलता आलेलं नाही.

"नाही होत, बाबा," मी म्हटलं.

"कधीच?"

"कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मला वाटलं कंपवातानेच हलतेय. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले, भिंतीला धरत धरत न्हाणीघरात गेले आणि दार नुसतं लोटलं. नळ सुटला. त्यांची अंघोळ सकाळीच झाली होती. मी बाहेरून हाक मारली, बाबा, गीझर लावू का, पाणी गार आहे. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला आणि डोक्यावरून पाणी ओतल्याचा. मग पुन्हा. कुणी गेल्याची बातमी आल्यावर करतात तशी अंघोळ.

मधेच पाण्याचा आवाज थांबला आणि ते रडायला लागले. मी माझ्या बापाला कधी रडताना ऐकलेलं नाही. आधी तर मला तो आवाज कसला तेच कळलं नाही. लेक धावत आली, दाराला हात लावणार तोच मी तिचं मनगट धरलं. "आजोबांना काय होतंय?" ती विचारत होती. आईच्या तेराव्याला पंगतीत वाढत फिरणारे बाबा मला दिसत होते आणि मावशीचा प्रश्न ऐकू येत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला. का केला ते मला विचारू नका. हात गेला आणि बंद केला.

बाबा बाहेर आले ते ओला पंचा नेसून, केसांतून पाणी ठिबकत. टॉवेल पुढे केला तर घेतला नाही. डोळे लालबुंद होते. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, तो इतका थरथरत होता की माझा खांदाही त्याच्याबरोबर हलायला लागला.

"तूही करून घे," ते म्हणाले. "आई होती तुझी."